म्हैसूरच्या यादीधारक काकू

महाराष्ट्रातून 'म्हैसूर-उटी-बंगळूर' या सहलीला निघणाऱ्या प्रवाशांचे प्रकार पुष्कळ असले, तरी त्यांतील सर्वांत चिवट आणि अभ्यासकांनी सर्वांत कमी दखल घेतलेला प्रकार म्हणजे यादीधारक काकू होय. 'यादीधारक' ही संज्ञा येथे अशा व्यक्तीसाठी योजिली आहे, जी सहलीला स्वतः जात असली तरी ती मुख्यतः न आलेल्यांसाठी करते, आणि जिच्या पर्समध्ये, आधार कार्डाच्या झेरॉक्सच्याही आतल्या कप्प्यात, कोणासाठी काय आणावयाचे याची नोंद असलेला चार घड्यांचा कागद असतो. वयाने ती पन्नाशी ओलांडलेली असते, सांगली, नाशिक किंवा ठाण्याकडून येते, स्पोर्ट्स शूज आणि पंजाबी ड्रेस हा वेश खास सहलीपुरता धारण करते, आणि तिच्यासोबत एक काका असतात. पिशवी धरणे आणि कोणत्याही वस्तूचा भाव ऐकून 'आपल्याकडे याहून स्वस्त मिळतं' असे म्हणणे एवढेच काकांचे विहित कार्य असल्यामुळे त्यांचा स्वतंत्र विचार येथे केलेला नाही.

यादीची भाषा सूत्रमय असते: 'जाऊबाई – साडी, मोरपंखी, फार लखलखीत नको, वरच्या मजल्यावरच्या – साबण, पैसे दिलेत, मावशी – अगरबत्ती, विहीणबाई –?' या शेवटच्या प्रश्नचिन्हाकडे वाचकाने दुर्लक्ष करू नये, कारण विहिणीला द्यावयाची वस्तू जावेच्या वस्तूहून उणी दिसता कामा नये आणि तरीही ती पाहून विहिणीला 'आपल्यालाही आता तेवढंच करावं लागणार' असा धाक बसता कामा नये, हा पेच भल्याभल्या मुत्सद्द्यांना सुटलेला नाही.

दिवसाचा आरंभ चामुंडी टेकडीवर होतो. तेथे देवीच्या दर्शनाची रांग, हातात खड्ग आणि नाग घेतलेल्या महिषासुराच्या रंगीत पुतळ्याशेजारी एक फोटो आणि एकसंध दगडात कोरलेल्या प्रचंड नंदीला बसमधून उतरून केलेला नमस्कार, एवढे उरकले की मंडळी राजवाड्यात येतात. १८९७ साली राजकन्येच्या विवाहसमारंभाच्या वेळी जुना लाकडी वाडा जळाला, हेन्री आयर्विन या वास्तुविशारदाने नवा आराखडा केला आणि १९१२ साली सध्याचा वाडा पूर्ण झाला, हे गाईड तळमळीने सांगत असतो; परंतु 'आग' हा शब्द कानी पडताच काकूंना घरचा गॅस आठवतो, आणि रंगीत काचांच्या कल्याणमंडपाखाली उभे राहून, रेग्युलेटर बंद केला होता की नाही याची काकांकडे कसून चौकशी सुरू होते. दरबार सभागृह येईतो ती संपत नाही.

जगनमोहन राजवाड्याच्या चित्रसंग्रहात तर करुण म्हणावा असा प्रकार घडतो. हाताने दिव्याची ज्योत झाकून उभ्या असलेल्या स्त्रीच्या प्रसिद्ध चित्रासमोर येताच काकू 'रविवर्मा!' असा निर्णय देतात. वस्तुतः ते जलरंगातील चित्र सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे असून, त्यासाठी त्यांची कन्या गीता हिनेच दिवा हाती घेतला होता. परमुलखात आपल्या घरची लेक भेटावी आणि ओळख पटू नये, असे येथे रोज होत असावे. तथापि काकूंवर अरसिकतेचा आरोप करण्याची घाई नको. बोटांच्या फटींतून झिरपणाऱ्या उजेडाकडे त्या इतरांपेक्षा दुप्पट वेळ पाहतात आणि 'हात भाजत असेल हो हिचा' असे हळहळतात. चित्रकाराला याहून मोठी पावती कोणी दिली असेल, असे वाटत नाही.

काकूंची खरी विद्वत्ता प्रकट होते ती सरकारी रेशीम महामंडळाच्या दुकानात. तेथे त्या साडी तळहातावर तोलतात, पोत अंगठा व तर्जनीत धरून चुरगळतात, काठ उलटा करून जरीची मागची बाजू तपासतात, पदर काकांच्या खांद्यावर टाकून चार पावले मागे सरतात, आणि जरीत चांदी ६५ टक्के व सोने ०.६५ टक्के असते असे विक्रेत्याने सांगितल्यावर 'म्हणजे मोडीत काय येईल?' हा अर्थशास्त्राचा मूलभूत प्रश्न विचारतात. म्हैसूर संस्थानाचा इतिहास जर कोठे बारकाईने तपासला जात असेल, तर तो राजवाड्यात नव्हे, येथेच तपासला जातो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ज्या १९१२ साली राजवाडा पुरा झाला, त्याच साली नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत परदेशी मागांवर चालणारा हा रेशीम कारखाना निघाला, आणि त्याच साली विश्वेश्वरय्या संस्थानचे दिवाण झाले. पहिल्या महायुद्धामुळे चंदनाच्या लाकडाची युरोपकडे होणारी निर्यात अडली, तेव्हा १९१६ च्या सुमारास संस्थानाने घरीच तेल गाळण्यास प्रारंभ केला आणि त्या तेलातून पुढे म्हैसूर सँडल साबण आला. सिंहाचे शरीर व हत्तीचे मस्तक असलेला शरभ ज्याच्या वेष्टनावर असतो, त्या साबणाच्या डझनभर वड्या पिशवीत टाकताना काकू संस्थानाचे औद्योगिक धोरणच घरी नेत असतात, फक्त ते त्यांना कोणी सांगितलेले नसते.

सरकारी दुकानात भाव ठरलेला असल्याने घासाघीस चालत नाही, आणि ही उपासमार काकू देवराज मार्केटमध्ये भरून काढतात. कुंकवाचे रंगीत सुळके, मल्लिगेचे, म्हणजे म्हैसुरी मोगऱ्याचे, हातावर मोजून विकले जाणारे गजरे आणि केळ्यांचे घड यांच्यामधून त्या मराठी, हिंदी व बोटे या तीन भाषांत दहा रुपये कमी करून घेतात. पुढे सयाजीराव रस्त्यावर मिठाईची खरेदी होते. राजवाड्यातील आचारी काकासुर मादप्पा याने घडविला असे सांगितले जाणारा म्हैसूरपाक येथे तुपाने निथळणारा आणि जिभेवर विरघळणारा मिळतो; परंतु जाळीदार, खुटखुटीत वड्यांवर वाढलेल्या काकू पहिल्या घासालाच 'मऊ पडलाय, पाक चुकला' असे निदान करतात, आणि तरीही दोन किलो बांधून घेतात.

संध्याकाळी १९३२ साली पूर्ण झालेल्या कृष्णराजसागर धरणाखालच्या वृंदावन उद्यानात गाण्याच्या तालावर कारंजी उडू लागतात, तेव्हा काकू त्यांच्याकडे पाठ करून पायरीवर यादी उलगडून बसलेल्या असतात. मोबाईलच्या उजेडात जावेपुढचे 'साडी' खोडून 'साबण ६, म्हैसूरपाक' असे लिहिले जाते, विहिणीच्या प्रश्नचिन्हाच्या जागी चंदनी हत्ती येतो, आणि मोरपंखी साडी कोणाच्याच नावावर न पडता पिशवीच्या तळाशी जाते. ती कोणासाठी, असे काकांनी विचारलेच, तर 'असू दे, होईल कुणाला तरी' एवढेच उत्तर मिळते, आणि ब्लाउजपीस मात्र त्याच रात्री हॉटेलवर काकूंच्या मापाशी लावून पाहिला जातो.