गिळ हळद अन् हो ठणठणीत

रिसोडकडच्या आमच्या नानांनी परवा वीस क्विंटल हळद विकली. अडत्यानं कांडी मोडून पाहिली, ‘माल ओला हाय’ म्हणून भाव पाडला. त्याच पैशातून नानांनी येताना साठ गोळ्यांची डबी आणली.

“यात काय आहे, नाना?”

“कर्क्युमिन. पॉलिफेनॉल म्हंतात त्याले. हृदय, शुगर, चरबी, समद्यावर चालते.”

“म्हणजे हळदच ना?”

“हळद म्हनू नको राजा, सातशे रुपये मोजले!”

मी हिशेब मांडला. हळदीत कर्क्युमिन साधारण शेकडा तीन. म्हणजे क्विंटलात तीन किलो. पाचशे मिलीग्रॅमच्या सहा हजार गोळ्या. रोज एक, तर सोळा वर्षं. नाना तीनशे वीस वर्षं काट्यावर घालून साठ दिवस विकत घेऊन आले होते.

अमेरिकेनं १९९५ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर पेटंट दिलं. माशेलकरांच्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेनं भांडून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. हळद आमची ठरली! पुढच्याच वर्षी रिसोडसकट आमचा वाशिम अकोल्यातून फुटून जिल्हा झाला, आणि त्याच १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजात दिसलं की नुसतं कर्क्युमिन अंगी फारसं लागत नाही. सोबत मिऱ्यातलं पिपरिन दिलं, तर वीसपट अधिक रक्तात उतरतं. नानांच्या डबीवर म्हणूनच मिऱ्याचं चित्र आहे.

“मंग माह्या वरणात काय माती हाय?” काकूंनी आतून विचारलं.

वरणातली चिमूट औषध नव्हे, हे खरं. पण गोळी तरी कुठे आहे? लहानसहान चाचण्यांत साखर-चरबीचे आकडे थोडे हलतात. हार्ट अटॅक टळतो, असं कुणी सिद्ध केलेलं नाही. उलट जास्त मात्रेच्या, विशेषतः मिरं घातलेल्या गोळ्यांनी काहींचं यकृत बिघडून कावीळ झाल्याच्या नोंदी आहेत. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं ही म्हण होती. आता तो दुष्परिणाम आहे.

“डॉक्टरांना विचारलंत?”

“त्याहीले काय इचारायचं? त्याहीची बीपीची गोळी म्या बंद केली. फुकटची, अन् वरून केमिकल!”

मी डबी फिरवून पाहिली. समोर लाल टपोरं हृदय, मागे मुंगीएवढ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलेलं: औषधी वापरासाठी नाही.

वाचून दाखवेपर्यंत गोळीची वेळ झाली. नानांनी अंगणात जाऊन तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकला, गोळी टाकली, वरून गोडमिट्ट चहाचा घोट घेतला. मग छातीवर हात फिरवत नवी पुडी सोडली.

“झालं हृदयाचं काम,” म्हणाले, “आता घासाले मोकळा.”