चोर मानेत, सुळी डोळ्याला

मानेतून उद्भवणारी डोकेदुखी ही अशी व्याधी आहे, की तिची तक्रार सांगताना रुग्ण मानेचे नावही काढत नाही. ठणका भुवईमागे असतो, डोळ्याच्या खोबणीत असतो, कपाळावर किंवा गालात असतो आणि बहुधा एकाच बाजूला असतो. मान नुसती ‘जरा अवघडलेली’ असते, आणि अवघडलेल्या मानेला बुऱ्हाणपुरात आजार म्हणत नाहीत, वय म्हणतात. नॉर्वेचे मेंदूविकारतज्ज्ञ ओटार शोस्टाड यांनी १९८३ मध्ये या दुखण्याला स्वतंत्र नाव दिले. तोवर ते अर्धशिशी, सायनस, चष्म्याचा नंबर आणि सूनबाई यांच्या खात्यावर मांडले जात होते.

कारण शरीररचनेत आहे. चेहऱ्याच्या वेदना मेंदूकडे नेणाऱ्या ट्रायजेमिनल मज्जातंतूचे केंद्र मेंदूच्या तळाशी थांबत नाही. ते खाली उतरून मानेतल्या मज्जारज्जूत शिरते. तिथेच मानेच्या वरच्या तीन मज्जातंतूंच्या वार्ता येतात. दोन्हीकडच्या वार्ता एकाच पेशीसमूहावर पडतात आणि तिथून पुढे एकाच वाटेने जातात. मेंदूला वार्ता पोचते, पत्ता पोचत नाही. बुऱ्हाणपूरकरांना हे परके वाटू नये. सतराव्या शतकाच्या आरंभी, खानखानान अब्दुर्रहीमच्या काळात इथे कुंडी भंडारा बांधला गेला. त्याच्या शंभरावर कुंड्या जमिनीखालच्या बोगद्याने जोडलेल्या आहेत. पाणी मुरते सातपुड्यात, घागर भरते कुंडीवर आणि भरणारा म्हणतो, कुंडीचे पाणी. मेंदूही मानेतून आलेल्या वेदनेला डोळ्याची वेदना म्हणतो. कपाळ आणि डोळा सांभाळणारी ट्रायजेमिनलची शाखा या संगमात विशेष गुंतलेली असल्याने आळ बहुतेक वेळा डोळ्यावरच येतो.

मूळ दोष अनेकदा मानेच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यामधल्या सांध्यात सापडतो. त्याच्या वर, पहिल्या दोन मणक्यांमध्ये, डोके वळवण्याचे जवळजवळ निम्मे काम चालते. एवढ्या वर्दळीच्या जागी झीज, लचक किंवा ताठरपणा येणे स्वाभाविक आहे. डोक्याचे वजन सुमारे पाच किलो असते, मग त्यात काही असो वा नसो. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये संगणकावर हिशेब मांडला, तेव्हा डोके ६० अंश पुढे झुकल्यावर मानेवरचा भार सुमारे २७ किलोवर गेला. हा आकडा आता सर्वत्र मोबाइलवर, मान ६० अंश झुकवून वाचला जातो.

मान वाकवण्याच्या बाबतीत हे शहर स्वयंपूर्ण आहे. यंत्रमागावरचा कारागीर पाळीभर तुटलेल्या धाग्याकडे खाली पाहतो. केळीच्या बागेतला मजूर खांद्यावर घड घेऊन मान एका बाजूला कलती ठेवतो. शाही किल्ल्यात आलेला पाहुणा हमामखान्याच्या छतावरची रंगीत नक्षी वर मान करून पाहतो आणि उरलेला वेळ त्याच नक्षीचा फोटो खाली मान घालून पाहतो.

यापुढे रुग्णाची यात्रा सुरू होते. पहिला मुक्काम चष्म्याच्या दुकानात. नंबर पाव अंशाने बदलतो, फ्रेम पूर्ण बदलते, दुखणे बदलत नाही. दुसरा मुक्काम दाताच्या दवाखान्यात, जिथे एखादी निरपराध दाढ प्राणास मुकते. तिसरे निदान घरीच होते: सायनस. अमेरिकेत २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सायनसमुळे डोके दुखते असे सांगणाऱ्या सुमारे तीन हजार लोकांपैकी ८८ टक्क्यांची लक्षणे अर्धशिशीच्या जातीची निघाली. या साऱ्या काळात कपाळाला बाम चालूच असतो. अमृतांजन मुंबईत १८९३ पासून बनू लागले. तेव्हापासून कपाळ चोळणाऱ्यांपैकी कितीजणांनी मान चोळायला हवी होती, याची गणती झालेली नाही.

निदान करताना मानेवरही अन्याय होऊ नये. अर्धशिशीच्या झटक्यात मान दुखणे अगदी सामान्य आहे; तिथे मान आरोपी नसून सहपीडित असते. मान वळवताच किंवा बराच वेळ एका स्थितीत ठेवताच ठणका उठतो का, मान एका बाजूला कमी वळते का, वरच्या मणक्यांजवळ दाबल्यावर डोळ्यामागची तीच कळ येते का, हे पाहिले जाते. संशय उरला, तर संबंधित मज्जातंतू इंजेक्शनने तात्पुरता बधिर करतात. तेवढ्यापुरता डोळा शांत झाला, तर गुन्हा मानेवर शाबीत होतो.

काही प्रसंगी मात्र विनोदाला आणि वाट पाहण्याला जागा नाही. डोळा लाल होऊन दिव्यांभोवती वलये दिसणे आणि ओकारी येणे हे काचबिंदूच्या झटक्याचे लक्षण असू शकते. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली कानशिलाची वेदना आणि घास चावताना दुखणारा जबडा यांत दृष्टी जाण्याचा धोका असतो. अचानक उठलेली भयंकर डोकेदुखी, तापासोबत ताठ झालेली मान, दुहेरी दिसणे किंवा एक पापणी खाली उतरणे यांसाठी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. चंपीच्या शेवटी न्हाव्याने मान पकडून काढलेला ‘कडाक्’ ग्राहकाला मोक्षासमान वाटतो. पण अशा झटक्याने मानेतील रोहिणी फाटून पक्षाघात झाल्याचीही, क्वचित का होईना, उदाहरणे आहेत. चंपी टाळूपाशी संपवावी.

उपचार निराश करणारे आहेत, कारण ते साधे आहेत. ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २०० रुग्णांवरील चाचणीत मानेच्या खोल स्नायूंचे हलके व्यायाम आणि प्रशिक्षित हातांनी केलेले सांध्यांचे उपचार, दोन्हींमुळे डोकेदुखी घटली आणि वर्षभरानंतरही तो लाभ टिकला. व्यायामात उताणे पडून हनुवटी किंचित आत घ्यायची असते. यंत्र लागत नाही, पैसे लागत नाहीत, शेजाऱ्यांना दाखवण्यासारखेही काही घडत नाही. म्हणून तो बहुतेक घरांत चौथ्या दिवशी बंद पडतो आणि बामची नवी बाटली येते.