अँपिअरभाऊंचं वधूवर सूचक मंडळ

साधा प्रश्न विचारला होता हो. "बॅटरी कुठली घेऊ?" बास. पाच मिनिटांत मिटलं असतं. पण शेजारी अँपिअरभाऊ उभे होते, आणि ते उभे असताना पाच मिनिटांत काहीही मिटत नाही हे लंडनमधल्या हॅरोतल्या मराठी माणसांना ठाऊक आहे. तुमच्याकडचे भाऊ इन्व्हर्टरच्या पाण्यावर बोलत असतील नाहीतर टायरच्या हवेवर. पण असतात.

"वॅट किती?" भाऊ म्हणाले.

"कशाचे?"

भाऊंनी डोळे मिटले. मुलाचा पगार विचारल्यावर "कुठल्या मुलाचा?" म्हणणारा बाप भेटल्यासारखे.

सिगारेट सुटावी म्हणून मी दोन सेलांचं, धूर काढायचं यंत्र घेतलं होतं. (धूर नव्हे, वाफ. भाऊ चिडतात.) "शंभर वॅटवर ओढणार? म्हणजे एका सेलवर पन्नासचा बोजा. सेल दमून ३.२ व्होल्टवर आला की तेवढीच ताकद काढायला यंत्र जास्त करंट खेचतं. पन्नास भागिले ३.२. झाले जवळजवळ सोळा अँपिअर. सोळा झेपेल असं स्थळ बघायचं."

मी दुकानातल्या शेल्फवरचा जास्त आकड्याचा सेल उचलला. "सॅमसंग ३५ई," भाऊंनी नाक मुरडलं. "३५०० मिलीअँपिअर-अवर, पण एका वेळी झेपतात आठ. इस्टेट मोठी, मुलगा उठत नाही. त्यापेक्षा हा २५आर. इस्टेट २५००चीच, पण वीस अँपिअर देतो. कष्टाळू आहे."

तेव्हापासून माझ्या घरी सेल आला की आधी त्याची पत्रिका बघतात. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडी, ६५ लांबी आणि शेवटचं शून्य गोल अंगाचं. उंची-बांधा नावातच आला. एकदा मी स्वस्त मिळाला म्हणून ९९०० छापलेला सेल मागवला. भाऊंनी तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर, कणकेच्या भांड्याशेजारी ठेवला. "अस्सल असता तर पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरला असता. हा तीस. आणि या आकारात ९९०० अजून कुणाला जमलेलं नाही. बायोडेटा खोटा आहे." स्थळ परत गेलं.

पण खरा घात पुढेच होता. दोन सेलांच्या यंत्रात दोन्ही सेल एकाच दिवशी घेतलेले, एकत्र वापरलेले, एकत्र चार्ज केलेले असावे लागतात. अशा जोडीला इंग्रजीत चक्क 'मॅरीड' म्हणतात. हा शब्द भाऊंना सापडला आणि त्यांनी मार्करने नावं घालायला सुरुवात केली. नल-दमयंती. नाना-माई. मी उत्साहाने विठ्ठल-रखुमाई सुचवलं, तर म्हणाले, "पंढरपुरात त्यांची देवळं वेगळी आहेत. उगाच कशाला?"

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत ऐन मंत्रपुष्पांजलीला भाऊ एका तरुणावर धावून गेले. खिशात किल्ल्या आणि सुटा सेल एकत्र खुळखुळताना त्यांनी नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. "सेलचं अख्खं अंग म्हणजे ऋण टोक! वेष्टन फाटून किल्ली लागली तर मांडी भाजेल!" पोराने सेल काढून दिला. देवे आणि भाऊ एकदमच थांबले.

एवढा हिशेबी माणूस, म्हणून मी एकदा विचारलं, "भाऊ, फुप्फुसांना किती वॅट झेपतात?"

"त्याचं डेटाशीट निघालेलं नाही," म्हणाले, आणि खिडकीबाहेर ढगभर वाफ सोडली.

गेल्या दिवाळीत ते साताऱ्याकडे आपल्या गावी निघाले. सामान बांधायला मी गेलो होतो. वाफेचं यंत्र टेबलावरच राहिलं. भारतात त्यावर २०१९पासून बंदी आहे. भाऊ प्लास्टिकच्या डबीतून एकच सेल काढून मीटरवर तपासत होते. त्यावर लिहिलं होतं 'अक्का'.

"आबा?" मी विचारलं.

"पडला. पत्र्याला पोचा आला. पोचा आलेला ठेवायचा नसतो, सुपरमार्केटच्या बॅटरीपेटीत टाकला."

त्यांचे खरे आबा, म्हणजे वडील, त्याआधीच्या पावसाळ्यात गेले होते. मला हे बोलता बोलता आठवलं, आणि तरीही तोंडातून निघून गेलं, "मग हिला नवा आणा की एक."

"जुन्याची नव्याशी जोडी लावत नाहीत. जुना आधी रिकामा होतो आणि यंत्र त्याला पिळतच राहतं." त्यांनी एक छोटा टॉर्च काढला, एका सेलवर चालणारा, आणि अक्का त्यात घातली. "आई रात्री गोठ्यात जाते. अंधार असतो. याला अँपिअरभरसुद्धा लागत नाही. तिला झेपेल."

मी टॉर्च मोठ्या बॅगेत टाकायला लागलो, तर त्यांनी हात धरला. सेल काढला, दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावली, परत डबीत घातला आणि डबी खांद्यावरच्या पिशवीत ठेवली.

"सुटा सेल खालच्या सामानात चालत नाही," भाऊ म्हणाले. "जवळच ठेवावा लागतो."