ट्रेस आयडी गिळणाऱ्या मधल्या सर्व्हिसच्या कर्त्यांस

मधल्या सर्व्हिसचे परमादरणीय कर्ते यांस,
सा. न. वि. वि.

आपल्या कृपेने काल पुन्हा जागरण घडले. ग्राहकांचे पैसे कापले जात होते, ऑर्डर दिसत नव्हती, आणि आपला डॅशबोर्ड हिरवागार. खालून आलेली एरर पोटात घालायची आणि वर २०० चे उत्तर द्यायचे, इतके मोठे मन हल्ली कुणाचे असते?

ट्रेस उघडला. वर चेकआउटची पट्टी, तिच्याखाली पेमेंटची, तिच्याखाली आपली. आपली चांगली चार सेकंदांची, आणि तिच्या पोटात काहीच नाही. आपल्याखालच्या स्टॉकच्या सर्व्हिसचे स्पॅन सापडले, पण दुसऱ्याच ट्रेसमध्ये, नव्या आयडीखाली, बेवारस. आमच्या टीममधली नुकतीच रुजू झालेली मुलगी पहाटेपर्यंत दोन खिडक्यांतल्या वेळा स्क्रीनवर बोट ठेवून जुळवत बसली. त्या दोन मशीनची घड्याळे मिलीसेकंदांनी मागेपुढे चालतात, म्हणजे त्या जुळणीचाही भरवसा नाही. तिला हे शिक्षण फुकट दिलेत, आभारी आहोत.

हे सारे ज्याने टळले असते, ते ट्रेसपॅरंट हेडर म्हणजे उणीपुरी ५५ अक्षरे. ट्रेस आयडी तोच ठेवायचा, स्पॅन आयडी आपला घालायचा आणि पुढच्या कॉलला जोडून द्यायचा. डब्ल्यूथ्रीसीने २०२० साली हे प्रमाण ठरवून दिले. त्याआधी गूगलने २०१० मध्ये डॅपरवर निबंध लिहिला, ट्विटरने झिपकिन आणि उबरने येगर सर्वांना खुले केले, २०१९ मध्ये ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस एकत्र येऊन ओपनटेलिमेट्री झाले. तिच्या तयार लायब्रऱ्या नेहमीच्या क्लायंटमधून हे हेडर आपोआप पुढे नेतात. पण आपण स्वाभिमानी! एचटीटीपी क्लायंट स्वहस्ते घडवलात, आणि हेडर दारातच ठेवून घेतलेत.

आपल्या चिकाटीला तर तोड नाही. खालून उत्तर आले नाही की आपण तीनदा विचारता, त्याची कुठे नोंदही न करता. आपले उत्तर लांबले की आपल्या वरचा थर तीनदा विचारतो, खालचाही तीनदा. एका ग्राहकाच्या एका क्लिकमागे डेटाबेसच्या दारावर २७ थापा! तो आधीच धापा टाकत होता.

लॉगमधला आपला मितभाषीपणाही वाखाणण्याजोगा. ‘एरर आली.’ कोणत्या ऑर्डरची, कोणत्या कॉलवर, कोणत्या ट्रेसमध्ये, हे सांगून आपण शब्द वाया घालवत नाही. त्याच त्या ओळी पानेच्या पाने वाचून झाल्या.

शिवाय काटकसर. शंभरातला एकच ट्रेस ठेवायचा, आणि तो कोणता हे रिक्वेस्ट आत येतानाच ठरवायचे. पुढे कोणती कोसळणार हे तेव्हा देवालाही ठाऊक नसते. सगळा ट्रेस पुरा झाल्यावर निवडले, तर फसलेले आणि रेंगाळलेले तेवढे नेमके ठेवता येतात. त्याला मेमरी जास्त लागते, खरे आहे. त्यापेक्षा आमची झोप स्वस्त पडते, तेही खरे.

आता मात्र हात जोडून मागतो. हेडर पुढे जाऊ द्या. काफ्काच्या रांगेत मेसेज टाकताना त्या मेसेजच्या हेडरमध्येही ट्रेसपॅरंट घाला. प्रत्येक रिट्रायचा वेगळा स्पॅन करा, फसला की त्यावर एरर लिहा, आणि लॉगच्या प्रत्येक ओळीत ट्रेस आयडी छापा. एका दुपारचे काम आहे. आपल्याला सवड नसेल तर आम्ही बदल लिहून पाठवतो, आपण तपासून फक्त मर्ज करावा.

कळावे, लोभ असावा.

आपला कृपाभिलाषी,
या आठवड्याचा ऑन-कॉल इंजिनिअर