कूलरला कायमची विश्रांती: नवशिक्यांसाठी धडे

दसरा झाला, सोयाबीन निघालं, दुपारची काहिली मात्र हटत नाही. अशा वेळी उन्हाळाभर राबलेल्या कूलरवरचा ताण कमी करणं बाळापुरातल्या प्रत्येक घराचं कर्तव्य आहे. ताण असा जावा की पुढच्या उन्हाळ्यात कूलर सुरूच होऊ नये. अवजार एकही लागत नाही.

१. ऑक्टोबरात कूलर पाणी भरून, दारं-खिडक्या घट्ट लावून चालवा. मे महिन्यात आपली हवा कोरडी ठक्क असते. पाणी भराभर उडतं, उडताना हवेतली उष्णता घेतं, म्हणून वारा गार येतो. पावसाळा नुकता सरलेला असताना हवेतच ओल असते, पाणी उडायला राजी नसतं. पापड मऊ पडतील, गादी दमट होईल, तुम्ही चिकट व्हाल. आता मोटरला शिव्या घाला. खिडकी उघडून नुसता पंखा लावावा असं मनात येईल. मन घट्ट करा.

२. एसीवाल्यांनी १६ वर लावून रजई घ्यावी. २०२० पासून स्टार-लेबलचे एसी कारखान्यातूनच २४ अंशांवर लावून येतात, पण कारखान्याला काय कळतं!

३. थंडी पडली की बटण बंद करा आणि पाठ फिरवा. टाकीचं बूच काढू नका. डेंग्यूच्या डासाला असंच साचलेलं, स्वच्छ पाणी आवडतं. अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस पुरतात. बिनभांडवली जोडधंदा आहे हा. टाक्या तपासणारा आला तर "परवाच धुतली ना भाऊ" म्हणा. शेजारचे काका सांगतील, नुसती रिकामी करून भागत नाही, अंडी कडेला चिकटून कोरडीही महिनोन्महिने टिकतात, टाकी घासावी लागते. काकांना चहा पाजा आणि विषय सोयाबीनच्या भावावर न्या. ते टाकी विसरतील.

४. वाळ्याच्या ताट्यांना हात लावायचा नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा इथं तुमच्या मदतीला आहे. बोअरचं पाणी उडून जातं, क्षार ताटीतच राहतो. फेब्रुवारीपर्यंत पांढरी, टणक खपली तयार होते. मग वारा आत शिरत नाही, पंपाची नळी तुंबते, आणि दोष कंपनीला देता येतो.

५. वरून वाढदिवसाच्या शुभेच्छांचा जुना फ्लेक्स बांधा, पण खालून ओल राहू द्या. पत्र्याला आतून गंज चढेल आणि साहेब वर्षभर खिडकीतून हसत राहतील. मन आणि म्हैस नद्यांच्या मधला आपला किल्ला १७५७ मध्ये पुरा झाला, त्याच्या विटा अजून उभ्या आहेत. तुमच्या कूलरनं एवढी महत्त्वाकांक्षा बाळगू नये.

६. होळीनंतर पहिल्या उकाड्याला प्लग लावा. मोटर घुंऽऽ करेल, पातं हलणार नाही. मिस्त्रीकडं जा, तिथं अर्धं गाव आधीच उभं असेल. धीर धरा, तुम्ही एकटे नाही.

पद्धत चुकवायचीच असेल तर आज बूच काढा, टाकी घासा, उन्हात वाळवा, ताट्या काढून टाका. सकाळचा तासभर जाईल. मात्र मार्चमध्ये त्या रांगेत तुम्हाला कुणी ओळख दाखवणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.