फुल तिकीट

सुट्टी लागली की पोरांना दौंडला आत्याकडे पोचवणं, हे घरातलं एकमेव काम विश्वासाने माझ्याकडे आहे. बायकोची रांजणगावच्या कारखान्यात पहिली पाळी असते. पोरांना एकटं सोडता येत नाही, तसं मलाही सोडता येत नाही. म्हणून तिघांना एकत्रच पाठवतात.

शिरूरच्या स्टँडवर एसटीत जागा मिळाली. थोरली सहा वर्षांची, तिचं अर्धं तिकीट. धाकटा चारचा, फुकट. शेजारच्या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्याही फुकट. बाकी बहुतेक सगळ्या बाया. २०२३ पासून त्यांनाही अर्धंच. "फुल कुणाचं?" कंडक्टरने विचारलं, आणि अख्खी गाडी माझ्याकडे बघायला लागली. आपल्याला तिकीटच नाही हा अपमान धाकट्याला सहन होईना. न्हावऱ्यापर्यंत त्याने भोकाड पसरलं. शेवटी माझं तिकीट त्याच्या हातात दिलं. ते त्याने खाल्लं.

(राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ला नगरहून पुण्याला गेली, ती आमच्या याच शिरूरवरून. त्या गाडीतही कुणीतरी तिकीट खाल्लं असणार, इतिहासात नोंद नाही एवढंच.)

न्हावरा मागे पडलं आणि धाकटा एकदम गप्प झाला. लेकुरवाळ्या माणसाला या शांततेची धडकी भरते.

"बाबा, शी."

"शू ना?"

"शी."

कंडक्टरने घंटी मारली. गाडी थांबली, तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना तोडणीला आलेला ऊस, पुरुषभर उंचीच्याही वर. मी पोराची चड्डी सोडवतोय तोच थोरली खिडकीतून ओरडली, "बाबा, त्याला खाली बसवू नका! बाईंनी सांगितलंय, उसाजवळ वाकायचं नाही. बसलेलं माणूस बिबट्याला छोटं जनावर वाटतं."

"मग मी उभ्याने करतो," धाकटा म्हणाला.

"अगं, बिबट्या दिवसा झोपतो," मी फुल तिकिटाच्या अधिकाराने सांगितलं.

"पिंपरखेडचा नव्हता झोपला," मागून एक बाई म्हणाल्या.

गाडी गप्प झाली. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आमच्याच तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्याने दोन लेकरांचा जीव घेतला. त्यानंतर तिथल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जायला लागल्या. असले पट्टे पूर्वी धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचे. धरणांचं पाणी आलं, पाण्यामागे ऊस आला आणि उसात बिबट्याची पिलं जन्मायला लागली. त्यांना तेच रान. हे सगळं मला ठाऊक होतं. पण चार वर्षांच्या पोराची चड्डी गुडघ्यापर्यंत आलेली असताना ठाऊक असण्याचा उपयोग नसतो.

आजी काठी टेकत खाली उतरल्या. पोराकडे पाठ आणि उसाकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "बस रं लेकरा. म्या हाय."

त्यांच्यामागून बाकीच्या उतरल्या. आवाज करायला हवा म्हणून टाळ्या सुरू झाल्या. ड्रायव्हरने हॉर्नवर हात ठेवला तो ठेवलाच. थोरलीने बेचा पाढा घेतला. एका कॉलेजच्या मुलाने (पास असल्यामुळे तोही फुल तिकिटाचा नव्हे) मोबाइलवर लावणी लावली.

"सगळे बघतात. मला येत नाही," धाकटा म्हणाला.

"सगळ्यांनी उसाकडं तोंड करा!" कंडक्टरने हुकूम सोडला. अर्धी गाडी डावीकडे वळली, अर्धी उजवीकडे. मधोमध आमचा धाकटा बसला, आणि त्याचे दोन्ही हात धरून मी.

"झालं?"

"अजून येणारे."

बे नव्वे अठराला डावीकडचा ऊस सळसळला. बाया एक पाऊल पुढे सरकल्या. मी पोराला आहे त्या अवस्थेत छातीशी धरून गाडीच्या वरच्या पायरीवर होतो. उसातून एक कुत्रं बाहेर आलं, एवढा मोठा स्वागतसमारंभ पाहून भांबावलं आणि परत आत गेलं. माझ्या शर्टाचं काय झालं ते लिहीत नाही. आजींनी आपली पाण्याची बाटली त्याच्यावर अख्खी रिकामी केली आणि मला एवढंच म्हणाल्या, "तुमी बसा आता."

चौफुल्याला त्या उतरल्या. जवळच केडगाव. तिथे मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई १८८३मध्ये दोन वर्षांच्या मनोरमेला घेऊन बोटीने इंग्लंडला गेल्या होत्या, नवरा जाऊन वर्षच झालं होतं. त्या बोटीवर मनोरमेला कधी, काय आणि किती वेळा झालं असेल, याचाच विचार मी पाटसपर्यंत ओल्या शर्टात करत होतो. थोर माणसांच्या चरित्रांत नेमकं हेच गाळतात.

दौंडला भीमा पाहिली, जंक्शन पाहिलं. पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीचं इंजिन इथे काढून दुसऱ्या टोकाला लावावं लागायचं, ते टाळायला पुढे कॉर्ड लाइन टाकली, हे मी धाकट्याला समजावत होतो. त्याने इंजिनाला शी लागते का विचारलं.

आत्याने नवऱ्याचा जुना शर्ट शोधून दिला. बायकोला फोन लावला, तर धाकट्याने तो माझ्या हातातून हिसकावून घेतला.

"आई, बिबट्या येणार होता. बाबा पळाले. मी नाही पळालो."

"अरे वा! मग तू काय केलंस?"

"शी."