पुसद ४३, यवतमाळ ४४

महाराष्ट्राचे दोन भाग करा ही मागणी जुनी आहे. तिच्यापायी मोर्चे, ठराव, उपोषणं सगळं होऊन गेलं. नकाशाच्या धंद्यातल्या आम्हा लोकांना मात्र ते दोन भाग कॉम्प्युटर उघडला की आयतेच मिळतात. यूटीएम नावाच्या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा रेखांशांचे ६० झोन पाडलेत. त्यातला ४३वा ७२ ते ७८ अंशांचा, ४४वा ७८ ते ८४चा. आणि ही ७८ची रेघ नेमकी विदर्भाच्या पोटातून जाते. नागपूर, वर्धा, चंद्रपूर पलीकडे. अकोला, अमरावती आमच्या पुण्याबरोबर अलीकडे. यवतमाळ शहर ४४मध्ये, त्याच जिल्ह्यातलं पुसद ४३मध्ये. वेगळा विदर्भ मिळाला, पण अर्धाच. आमच्या ऑफिसातला पुसदचा सहकारी म्हणतो, "आम्ही इतकी वर्षं जिल्हा मागून राह्यलो भाऊ, आन् तुम्ही झोन देता!"

या रेघेवर चमत्कारही घडतात. प्रत्येक झोनच्या मधल्या रेखांशाला पाच लाख मीटर हा आकडा देऊन तिथून पूर्व-पश्चिम मोजायचं, असा नियम. त्यामुळे यवतमाळच्या बाजूला ७८च्या अलीकडे उभ्या माणसाचा आकडा येतो आठ लाख चौदा हजारांच्या आसपास. त्याने एक पाऊल पुढे टाकलं की तो होतो एक लाख शहाऐंशी हजार. एका पावलात सव्वासहाशे किलोमीटर! समृद्धी महामार्गालाही हे जमलेलं नाही.

७८ अंशांशी आपलं नातं तसं जुनं. विल्यम लॅम्बटनची ती प्रचंड मोजणी याच रेखांशाच्या आसपासून उत्तरेकडे सरकत होती. १८२३ साली तो हिंगणघाटला वारला, तिथेच त्याचं थडगं आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे गेलं आणि १८३०मध्ये त्याने पृथ्वीचा आकारच ठरवून टाकला. जुन्या टोपोशीट त्याच मापावर काढलेल्या. उपग्रहवाल्यांची पृथ्वी, म्हणजे डब्ल्यूजीएस ८४, हिची विषुववृत्तावरची त्रिज्या एव्हरेस्टसाहेबांच्या पृथ्वीपेक्षा साडेआठशे मीटरच्या आसपास जास्त. केंद्रही वेगळं. म्हणून जुनी टोपोशीट स्कॅन करून, मधली दुरुस्ती न करता, नव्या चित्रावर टाकली की काठावरचं देऊळ ओढ्यात उतरतं आणि ओढा पाटलांच्या वाड्यातून वाहतो.

तर हे सगळं एका मापात आणायचं, याला आमच्यात 'रिप्रोजेक्ट मारणं' म्हणतात. गावांचे ठिपके आणि रस्त्यांच्या रेघा यांचं सोपं असतं, जुना आकडा द्या, नवा घ्या. रास्टरचं तसं नाही. रास्टर म्हणजे चौकोनांचं चित्र, प्रत्येक चौकोनात एक आकडा. ७८च्या काठावरचं चित्र ४३मधून ४४मध्ये नेलं की ते दोनेक अंशांनी कलतं आणि कोपऱ्यांत काळे त्रिकोण उरतात. कललेले चौकोन नव्या जाळीत बसत नाहीत, म्हणून कॉम्प्युटर उलटा निघतो. आधी नवे रिकामे चौकोन आखतो आणि एकेकाला जुन्या पत्त्यावर चौकशीला पाठवतो. पत्ता निघतो नेमका चार घरांच्या मधल्या बोळात. मग 'निअरेस्ट' पद्धतीचा माणूस सर्वांत जवळचं दार वाजवून मिळेल ते उत्तर घेऊन परततो. 'बायलिनियर'वाला चारही घरी चहा घेऊन सरासरी काढतो. 'क्युबिक'वाला आणखी बारा घरं फिरतो, म्हणजे आख्खी वाडी, आणि इतक्या जणांचं ऐकल्यावर कुणीच न बोललेलं काहीतरी सांगतो. उंचीच्या नकाशाला क्युबिक लावलं की एखादा सुळका जुन्या कुठल्याच चौकोनात नव्हता इतका उंच निघू शकतो. कळसूबाई १६४६ मीटर. तिला वरचे दोन मीटर द्यायला माझी हरकत नाही, पण त्याचा जीआर निघायला हवा.

खरी गंमत जमीनवापराच्या नकाशात. समजा, १ म्हणजे जंगल, ३ म्हणजे वस्ती, ५ म्हणजे पाणी. या आकड्यांना बेरीज-वजाबाकीचा काहीच अर्थ नाही, ती नुसती नावं आहेत. तरी कुणीतरी हौसेने बायलिनियर लावतं, 'चित्र गुळगुळीत दिसतं' म्हणून. १ आणि ५ यांची सरासरी ३. झालं! प्रत्येक तलावाच्या काठी, जंगल आणि पाणी यांच्या मधोमध, वस्तीची एक सुबक किनार उगवते. लेक व्ह्यू. पर्यावरणाची परवानगी नाही, सातबारा नाही, एनए नाही, नुसती सरासरी. पुण्याच्या आसपास हेच काम सॉफ्टवेअरशिवायही होतं हा भाग वेगळा. पण निदान ते लोक त्यासाठी चार ठिकाणी खेटे घालतात.

याहून अवघड जात म्हणजे रिप्रोजेक्ट न मारता नुसतं लेबल बदलणारे. फायलीत आकडे अंशांचे असतात, हे वर 'मीटर' असं चिकटवतात आणि निर्धास्त जेवायला जातात. अशा फायलीतला महाराष्ट्र वेब मर्केटरवर, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणावर, उघडून पाहावा. तो सापडतो आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात, शून्य अक्षांश-शून्य रेखांशापासून हाकेच्या अंतरावर. आकार? सव्वाआठ मीटर बाय साडेसहा मीटर. चंद्रपूर ते सिंधुदुर्ग धरून पावणेसहाशे चौरस फूट, वन बीएचके. चौफेर समुद्र मात्र आहे.

आणि वेब मर्केटरवर लेबल बरोबर असलं तरी क्षेत्रफळ मोजू नये. आपल्या अक्षांशावर तो ४० गुंठ्यांच्या एकराचे ४५ गुंठे करून दाखवतो. ही बातमी बांधाच्या भांडणांपर्यंत पोचलेली नाही, हे नशीबच.

आख्ख्या राज्याचा एक नकाशा हवा असेल तर ४३ ताणत गडचिरोलीपर्यंत न्यावा लागतो आणि तिथे किलोमीटरमागे तीनेक मीटर जास्त भरतात. त्यापेक्षा लॅम्बर्टचं शंकूवालं प्रक्षेपण बरं. ते लावलं की कोकण किंचित उजवीकडे झुकतं, गडचिरोली डावीकडे, आणि पुसद-यवतमाळ एकाच कागदावर नांदतात. आम्ही तसा नकाशा करतो, चौकोन न् चौकोन तपासतो, काळे कोपरे काढतो आणि वर पाठवतो.

वर तो पॉवरपॉइंटमध्ये जातो. स्लाइडवर डावीकडे मान्यवरांचा फोटो असतो, त्यामुळे उरलेल्या जागेत नकाशा मावत नाही. मग कुणीतरी माऊसने नकाशाची उजवी कड धरतं आणि तो मावेपर्यंत आत ढकलतं. गडचिरोली थेट बीडशेजारी येते. या प्रक्षेपणाला प्रक्षेपणांच्या यादीतला ईपीएसजी क्रमांक अजून मिळालेला नाही, पण सरकारदरबारी सर्वाधिक चलती त्याचीच आहे.